पाणी तोडण्याचं काम

आमच्या धंद्यात झाड मेलं की माणसं एकच प्रश्न विचारतात, "पाणी कमी पडलं का हो?" पाणी जास्त झालं का, असं मला आजवर एकानेही विचारलेलं नाही. मी सौदीत सगळी नोकरी रोपवाटिकांमध्ये काढली. धाहरानला सुरुवात केली, मधली वर्षं जिझानला गेली आणि शेवट हाइलला झाला. माझ्या अंदाजाने तहानेने मेलेल्या झाडांपेक्षा लाडाने मेलेली झाडं जास्त निघतील.

दिवाळी अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "वाळवंटात नर्सरी? तिथे काय विकायचात, निवडुंग?" माझं डोकंच फिरलं. बाईंना म्हटलं, तुमच्या पुण्यात एका सोसायटीत जेवढी झाडं वर्षाला वाळतात, तेवढ्यांवर आम्ही तिकडे जंगल उभं केलं असतं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हेच लिहा." म्हणून लिहितोय. मी श्रीवर्धनकडचा. गल्फला कसा गेलो, जामीन राहणारा कफील कसा भेटला, राहण्याचा परवाना म्हणजे इकामा कितीदा अडकला, हे सगळं गाळतो. ते आमच्या मोहल्ल्यात कुणालाही विचारा, चहासकट सांगेल.

आधी धंद्यातली एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. रोप पिशवीत असतं तेव्हा त्याला वेळेवर पाणी, सावली, खत, सगळं हातात मिळतं. तसंच उचलून उघड्या माळावर लावलं तर ते आठवडाभरात मान टाकतं. म्हणून लावणीच्या आधी आम्ही त्याची सावली काढतो आणि पाणी हळूहळू तोडतो. याला आम्ही पाणी तोडणंच म्हणतो. पानं थोडी सुकतात, रोप रुसतं, बघणाऱ्याला वाटतं हा माणूस कसाई आहे. पण त्या दिवसांत मूळ पाण्याच्या शोधात खाली उतरतं. खाली उतरलेलं मूळ हीच झाडाची खरी कमाई, वरचा पाला फोटोपुरता.

दुसरी गोष्ट मला एका जर्मन बाईंनी शिकवली. धाहरानला तेल कंपनीच्या कॅम्पात त्यांच्या नवऱ्याची नोकरी होती, आणि आमच्या नर्सरीकडे कॅम्पातल्या बागांचं काम होतं. एकदा त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि फ्रीज उघडून दाखवला. दही, चीज आणि त्यांच्या शेजारी ओल्या वाळूचे दोन डबे. वाळूत तिकोनी बिया. त्यांच्या देशातलं बीच नावाचं झाड, थंड डोंगरांवर वाढणारं. बियांना एक हिवाळा भोगल्याशिवाय जाग येत नाही, आणि धाहरानला तसला हिवाळा कुठून आणणार? म्हणून फ्रीज. मी मनात म्हटलं, बाई कामातून गेल्या.

पण डबे दोन का, ते विचारल्यावर त्या म्हणाल्या, एकातलं बी त्यांच्या वडिलांच्या गावचं, जिथे वर्षभर ढग आणि पाऊस. दुसरं दक्षिण इटलीतल्या एका डोंगरावरचं, जिथे उन्हाळा कोरडा जातो. झाड तेच, नावही तेच, गाव वेगळं. "बघू या, कोण टिकतं," म्हणाल्या. बिया रुजल्या. आम्ही कुंड्या व्हरांड्यात सावलीला ठेवल्या. वडिलांच्या गावच्या रोपांची पानं रुंद, नाजूक, बघत राहावं अशी. इटलीवाल्यांची लहान आणि जरा राठ. मे महिना लागला आणि रुंद पानांच्या कडा तपकिरी पडायला लागल्या. ती रोपं गेली तरी राठ पानांची रोपं उभी होती. ऑगस्टातल्या दमट उन्हात तीही गेली, ते होणारच होतं. बाई रडल्या नाहीत. दोन्ही कुंड्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि म्हणाल्या, "डॅडींचं झाड आधी गेलं." मला त्यांचं वाईट वाटलं. पण एकाच जातीची झाडं एकाच व्हरांड्यात वेगवेगळ्या वेळी मेली, हे काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना. तोवर माझा समज असा की बी म्हणजे बी. बाजारात मिळेल ते आणायचं आणि पेरायचं.

त्यानंतर मी कुठलंही बी हातात घेतलं की त्याचं गाव विचारायला लागलो. नर्सरीतली पोरं माझी चेष्टा करायची, "चाचा बियांचा इकामा तपासतात." करा म्हटलं चेष्टा.

हाइलचं काम आलं ते माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत. हाइल उत्तरेला, उंचावर. सौदी म्हटलं की आपल्याकडे फक्त ऊन डोळ्यांसमोर येतं, पण हाइलच्या हिवाळ्यात पहाटे नळीतलं पाणी गोठतं. मी कोकणातला माणूस, पहिल्या वर्षी दोन स्वेटरवर कोट घालून फिरायचो आणि जुबेदा, माझी बायको, मला अस्वल म्हणायची. शहरापासून तासाभरावर एक वादी होती. वादी म्हणजे कोरडा ओढा, पाऊस आला तर वाहणार, नाहीतर नुसते गोटे. एके काळी तिथे सिद्रची राई होती. सिद्र ही आपल्या बोरीची चुलत बहीण, काटे तसेच, बोरं तशीच, जरा लहान. जळणासाठी तोड झाली, पाऊस कमी होत गेला, उरलेलं उंटांनी खाल्लं. ती वादी पुन्हा सिद्रने भरायचं काम आमच्या कंपनीला मिळालं होतं.

प्रश्न एवढाच होता की बी कुठलं लावायचं. याचं उत्तर द्यायला डॉक्टर नूरा होती. वनस्पतींची डॉक्टर, वय तिशीच्या आसपास, हाइलचीच मुलगी. स्वतः गाडी चालवत साइटवर यायची, डोळ्यांवर काळा चष्मा, पायात बूट. मी सवयीने म्हणायचो, "सगळी रोपं छान आहेत, दुक्तोरा." ती मान वर न करता म्हणायची, "सगळी नाही, बरीचशी." मी म्हणायचो, "काल फार थंडी होती." ती म्हणायची, "फार नाही, परवापेक्षा जास्त." असल्या माणसाबरोबर काम करणं म्हणजे डोकेदुखी, आणि खरं सांगायचं तर मला ती मुलगी पहिल्या दिवसापासून आवडली.

मोठ्या साहेबांचं म्हणणं सरळ होतं. पुढची वर्षं आणखी तापणार, आणखी कोरडी जाणार, तर बी गरम मुलखातलं आणा. जिझान अगदी दक्षिणेला, लाल समुद्राच्या काठी, घाम पुसता पुसता रुमाल पिळावा लागतो असं गाव. तिथला सिद्र झपाझप वाढतो, बारा महिने हिरवा. साहेबांना फोटोत हिरवं दिसायला हवं होतं. नूराचं म्हणणं, "उन्हाळा जिझानसारखा होईलही, पण हिवाळा हाइलचाच राहणार. आणि जिझानला ऊन असलं तरी हवेत दमटपणा आहे, तो इथे कुठून आणणार?" म्हणून तिने तीन गावांचं बी लावून बघायचं ठरवलं, जिझानचं, मदिनेकडच्या कोरड्या दऱ्यांमधलं आणि हाइलचं. रोपं मी वाढवली. वादीच्या तोंडाशी एक तुकडा लावला आणि खडकाळ टेकाडापलीकडे तसाच दुसरा, दोन्हीत तिन्ही गावांच्या ओळी. पहिलं वर्ष ठिबकचं पाणी. मग पाणी तोडायचं आणि कोण जगतं ते बघायचं. जे बी जगेल त्याने वादी भरायची.

वादीच्या तोंडाशी अबू नायेफचं घर होतं, घरापुढे तंबू आणि तंबूमागे उंट. सत्तरी ओलांडलेला बदू, म्हणजे वाळवंटातल्या उंटपाळांतला, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. वादीत चरायचा हक्क त्याच्या घराण्याचा. झाडं लावायची तर उंट बाहेर ठेवावे लागणार, आणि भाईबंदांना त्यासाठी राजी त्याने केलं होतं. आदल्या हिवाळ्यात त्याची बायको, उम्म नायेफ, वारली होती. लहानपणी तिने त्या वादीत बोरं वेचली होती, हे तो मला दर भेटीत सांगायचा आणि मी दर वेळी नव्याने ऐकायचो. तिथल्या रिवाजाप्रमाणे तो मला माझ्या मुलीच्या नावाने हाक मारी, अबू सलमा, म्हणजे सलमाचा बाप. एकदा कॉफी ओतताना म्हणाला, "अबू सलमा, एकदाच लावा, पण बरोबर लावा. हे चुकलं तर भाईबंद उंट पुन्हा आत सोडतील. दुसऱ्यांदा त्यांना अडवायला मी नसेन." कामावर निघालो की हे वाक्य माझ्याबरोबर गाडीत बसायचं.

पाणी तोडल्यानंतरचा पहिला उन्हाळा संपला आणि नूरा गोंधळात पडली. टेकाडापलीकडे जिझानच्या ओळी जवळजवळ संपल्या होत्या, इकडेतिकडे एखादं रोप तग धरून. मदिनेचं अर्ध्याच्या वर उभं, हाइलचं बरंचसं उभं, बुटकं आणि राखाडी, पण जिवंत. आणि वादीच्या तोंडाशी? तिथे जिझानचं सगळ्यात उंच, सगळ्यात हिरवं. तीच रोपं, त्याच पिशव्यांतली, एकाच आठवड्यात लावलेली. साहेबांनी तेवढ्या एका तुकड्याचे फोटो काढले आणि म्हणाले, "बघा, जिझान." बी गोळा करायचा हंगाम तोंडावर आला होता. नूराने माती तपासली, उतार मोजला, वारा बघितला. काही जमेना.

मी मात्र खाली बघत होतो, कारण माळी खालीच बघतो. जिझानच्या रोपांच्या आळ्यांमध्ये हिरवं गवत उगवलं होतं. हाइलच्या उन्हाळ्यात गवत असं आपोआप उगवत नाही. बोट खुपसलं तर वीतभर खाली माती ओली.

दुसऱ्या दिवशी पहाटेची फजरची नमाज पढून तसाच साइटवर गेलो. अबू नायेफची पिकअप कुंपणाला लागलेली, मागे उंटांच्या पाण्याची टाकी, टाकीला नळी, आणि नळीच्या टोकाला अबू नायेफ, दुखरा गुडघा धरून वाकलेला.

"सलाम अलैकुम," म्हटलं. "काय चाललंय?"

"वालैकुम सलाम. पाणी देतोय." लपवाछपवी काही नाही.

"यांना पाणी द्यायचं नाही, अबू नायेफ."

"तुम्ही द्यायचं नाही असं ठरलंय. मला कुणी बोललं नाही."

"सगळ्यांना देता?"

"नाही. जी मान टाकतात त्यांना. ही जिझानची बिचारी रोज मान टाकतात. हाइलची पोरं दांडगी आहेत, ती काही मागत नाहीत." मग नळी पुढच्या रोपाकडे नेत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "उम्म नायेफच्या नावाने देतो."

तहानलेल्या जिवाला पाणी पाजणं आणि त्याचं पुण्य आपल्या मयताच्या नावावर करणं, हे आमच्यात फार मोठं मानतात. आमच्या गावी मशिदीबाहेर पाण्याची टाकी आहे, ती माझ्या आजोबांच्या नावाने बांधलेली. त्या माणसाच्या हातातली नळी काढून घ्यायला माझा हात कसा उठावा? टेकाडापलीकडच्या तुकड्यात तो गेला नव्हता, तेही फक्त गुडघ्यांमुळे.

घरी जाऊन जुबेदाला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही सांगू नका त्याला. तुमची जीभ म्हणजे कोयती. त्याला वाटेल बायकोचं पुण्य पण वाया गेलं." सलमा मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली, "अब्बा, इट्स जस्ट अ प्लांट." मी तिला म्हटलं, तुझ्या शाळेची फी याच प्लांटमधून येते. पण मनात जुबेदाचंच बरोबर वाटत होतं.

नूराला सांगणं भाग होतं. ती गाडीच्या बॉनेटला टेकली. मग म्हणाली, "म्हणजे या तुकड्यावरून मला काहीच सांगता येणार नाही. आणि साहेब जिझान लावतील, तेही याच तुकड्यावरून." तिने आणखी एक वर्ष मागून घ्यायचं ठरवलं, वरच्या लोकांशी भांडून. पण त्या वर्षात पाणी पडता कामा नये. ती म्हणाली, "मी बोलते त्यांच्याशी." मी म्हटलं, "नको, तू मुलीसारखी आहेस, तुझ्यापुढे ते हो म्हणतील आणि आतल्या आत कुढतील. मी बोलतो."

आयुष्यात मी गिऱ्हाइकांना बरंच तोडून बोललोय. एका शेखला सांगितलंय की तुमची हिरवळ माझ्या आईच्या औषधांपेक्षा जास्त पैसा खाते. त्या दिवशी मात्र तंबूत बसून तीन फिंजान कॉफी प्यायलो तरी सुरुवात सुचेना. शेवटी त्यानेच विचारलं, "पाण्याचं बोलायला आलायस ना?"

मी त्याला पाणी तोडण्याबद्दल सांगितलं. रोपाची मुळं खाली का उतरतात, वरून पाणी मिळालं तर ती वरच का घुटमळतात, ते सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "उंटाच्या पिल्लाचं दूध तोडताना आम्ही सांडणीच्या कासेला जाळी बांधतो. पिल्लू दिवसभर ओरडतं, सांडणीही ओरडते. उम्म नायेफ त्या दिवसांत तंबूबाहेर यायची नाही." मग म्हणाला, "पण जाळी मीच बांधायचो."

मी म्हटलं, "कुंपणाबाहेर एक रोप लावून देतो, उम्म नायेफच्या नावाचं. त्याला हवं तेवढं पाणी घाला, कुणी काही बोलणार नाही."

"एकाला पाजायचं आणि बाकीच्यांनी बघत राहायचं?" तो म्हणाला. "नको." मग पिकअपच्या टाकीची नळी काढून त्याने गुंडाळी केली आणि माझ्या हातात दिली. "तुझ्याकडे ठेव. इथे राहिली तर मी देईन."

नंतरच्या आठवड्यात गेलो तर तंबू जागेवर नव्हता. घराच्या मागच्या अंगाला हलवला होता, जिथून कुंपण दिसत नाही. नायेफ, त्याचा मुलगा, मला म्हणाला, "वडील सांगतात इकडे वारा लागतो." वारा खरं तर पलीकडच्या अंगाला होता.

तो हिवाळा कडक गेला. जिझानच्या कोवळ्या फांद्या थंडीने काळ्या पडल्या, कारण त्यांना थांबायची सवयच नव्हती. हाइलच्या रोपांनी थंडी लागताच वाढ थांबवली आणि मुकाट उभी राहिली. वसंतात जिझानने पुन्हा पालवी धरली, तेव्हा मला बरं वाटलं. कितीही झालं तरी रोपं माझ्या हातची. मग उन्हाळा आला. पाणी नाही. मी आठवड्यातून दोनदा जायचो आणि परतताना अबू नायेफच्या मागच्या तंबूत बसायचो. तो उंटांबद्दल बोलायचा, पावसाबद्दल बोलायचा, माझ्या गावच्या समुद्राबद्दल विचारायचा. झाडांबद्दल एकदाही विचारलं नाही. हातात काम नसल्यासारखी बोटं चोळत बसायचा.

उन्हाळ्याच्या शेवटी वादीच्या तोंडाशी जिझानची एकूण एक ओळ संपली होती. "सगळी गेली," मी म्हटलं. नूराने सवयीप्रमाणे मला सुधारायला तोंड उघडलं, पुन्हा ओळींवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "हो. सगळी." टेकाडापलीकडे मात्र जिझानची जी मूठभर रोपं पहिल्या उन्हाळ्यात तगली होती, ती दुसऱ्याही उन्हाळ्यात उभी होती. आम्ही दोन्हीकडची काही मेलेली आणि काही जिवंत रोपं खणून काढली. पलीकडच्या रोपांचं सोटमूळ सरळ खाली गेलेलं, हात संपला तरी मूळ संपेना. अलीकडच्या जिझानच्या रोपांची मुळं मातीच्या वरच्या थरात चटईसारखी पसरलेली, जिथे रोज सकाळी नळीचं पाणी पडायचं तिथेच. खाली जायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. म्हणजे जिझानमधलीही काही रोपं इथे जगू शकली असती. अलीकडे जगली नाहीत.

नूराच्या दृष्टीने निकाल चांगला होता. वादीत मुख्य बी हाइलचं, बरोबर मदिनेकडचं, येणाऱ्या उन्हाळ्यांसाठी, आणि पलीकडे तगलेल्या त्या मूठभर जिझानवाल्यांना जपून पुढे त्यांचं बी धरायचं. वादी बरोबर लागणार होती. साहेबांनाही पटलं, निदान त्यांनी सही केली. मला खूश व्हायला काही हरकत नव्हती.

आम्ही मुळं ताडपत्रीवर मांडून बसलो होतो, तेवढ्यात काठी टेकत अबू नायेफ आला. वर्षभरात पहिल्यांदा कुंपणाच्या आत. वाळलेल्या ओळींमधून चालताना एकेका रोपापाशी थांबत होता. कुठल्या रोपाला तो किती पाणी द्यायचा, ते त्याच्या थांबण्यावरून कळत होतं. मग ताडपत्रीपाशी येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. एका बाजूला लांब मुळं, दुसऱ्या बाजूला चटया. जन्मभर जनावरं आणि माती बघितलेला माणूस, त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"ही माझी?" चटयांकडे काठी करून त्याने विचारलं.

"जिझानची," मी म्हटलं.

"माझ्या पाण्याने मेली?"

माझ्याकडे उत्तर होतं. तेच उत्तर मी आयुष्यभर लोकांना तोंडावर सुनावत आलो होतो. "नाही हो," मी म्हटलं, "थंडीने. जिझानचं बी, त्याला इथली थंडी सोसत नाही. काळी पडली होती ना हिवाळ्यात." वसंतात त्यांना पालवी फुटली होती, हे मी बोललो नाही.

तो नूराकडे वळला. "खरं, बेटी?"

ही ती मुलगी, जिने मला कधी 'सगळी' आणि 'बरीचशी' यांची गल्लत करू दिली नाही. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हो, चाचा," ती म्हणाली. "थंडीने."

अबू नायेफ आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. मग जरासा हसला. "तुम्ही दोघं चांगली माणसं आहात," म्हणाला. "पण तुम्हाला खोटं बोलता येत नाही." खाली वाकून त्याने चटईतलं एक मूळ उचललं, बोटांनी त्यावरची माती काढली आणि परत होतं तसं ठेवलं. "वादीत लावाल तेव्हा मला पाण्याच्या कामावर ठेवू नका. दुसरं काहीतरी द्या."

मी म्हटलं, "उंट अडवायला कुणीतरी लागेल."

"ते जमेल," तो म्हणाला.

थंडी ओसरल्यावर लावणी सुरू झाली. पहिलं वर्ष रोपांना पाणी द्यायचंच असतं, त्यामुळे टँकर दिवसभर ये-जा करायचे. अबू नायेफ वादीच्या तोंडाशी एका दगडावर बसलेला असायचा. त्याचेच उंट हिरवं बघून आत घुसायला यायचे, तेव्हा हा गुडघे धरत उठायचा आणि काठीने त्यांना परत फिरवायचा. त्यातली एक म्हातारी सांडणी उम्म नायेफची लाडकी होती, ती दिवसातून पन्नासदा यायची आणि हा पन्नासदा उठायचा. भाईबंदांपैकी कुणाचा उंट आत गेला नाही, कारण त्याने स्वतःचा जाऊ दिला नाही. माझा फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परतायचा परवाना, आला त्या दिवशी निरोप घ्यायला गेलो, तेव्हाही तो तिथेच होता. आम्ही बोलत होतो. मागून टँकर आला, आत जाऊन थांबला, नळी सुटल्याचा आणि आळ्यात पाणी पडल्याचा आवाज यायला लागला. अबू नायेफ बोलता बोलता दगडावरच फिरला आणि त्या आवाजाकडे पाठ करून बसला.